ठासणीच्या बंदुकीसाठी माफक किमतीची दुर्बीण: हंगामापूर्वीची तयारी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जानेवारीच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचे चार दिवस असे असतात की बंदुकांपैकी फक्त ठासणीचीच चालते. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची, मागून प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) लावायचा आणि एकाच बारावर भागवायचे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा पुढील तयारी अमेरिकेत रीतसर परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींपुरतीच समजावी. अमेरिकेतली आजची बंदूक बहुधा .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, 'इनलाइन' असते, म्हणजे तिचा प्रायमर नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत बसतो. तिच्यावर साधारण अडीचशे डॉलरांच्या आत चांगली दुर्बीण बसवता येते. अट एवढीच की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ठरलेले असावे.

सर्वांत आधी आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावी, कारण इथे चूक झाली तर पुढची सारी खरेदी वाया जाते. ओहायोत मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालते, पण कोलोरॅडोमध्ये ठासणीच्या खास हंगामात दुर्बीण लावताच येत नाही, तिथे माशी आणि खाच असलेली उघडी साइट वापरावी लागते. युटा राज्याने काही वर्षे मोठ्या शक्तीच्या, म्हणजे जास्त पटींनी मोठे दाखवणाऱ्या, दुर्बिणींना मोकळीक दिली होती आणि २०२४ पासून ती बहुतांश आवरून घेतली. दुसऱ्या राज्यातल्या मित्राच्या सांगण्यावर खरेदी करू नये, आणि स्वतःच्या राज्याबाबतही गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

त्यानंतर आपण ज्या जागी बसणार, तिथून हरीण किती अंतरावर दिसू शकते, हे प्रत्यक्ष पावले टाकून मोजावे. ओहायोच्या रानात हे अंतर बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत येते. अडीचशे ग्रेनची गोळी आणि शंभर ग्रेन दारू (ग्रेन हे गोळी-दारू मोजण्याचे लहान एकक), असा नेहमीचा बार शंभर यार्डांवर नेमका बसवला, तर दीडशे यार्डांवर गोळी पाच इंचांच्या आसपास आणि दोनशेवर फुटाहून अधिक खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा असतो. तेव्हा डब्यावर छापलेला सोळा किंवा चोवीस पटींचा आकडा कितीही भुरळ घालत असला, तरी आपल्या बंदुकीचा पल्ला त्या आकड्याने वाढत नाही.

आता या यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब, आणि स्वस्त दुर्बिणींच्या जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरात छापलेली: आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसत असताना डोळा आणि मागची काच यांत राहणारे अंतर. ठासणीची बंदूक हलकी असते आणि तिचा बार जड असतो. पन्नास ग्रेनच्या तीन पेलेट, म्हणजे दारूच्या तयार वड्या, भरल्या, तर खांद्याला बसणारा धक्का मोठ्या काडतुसी रायफलीलाही लाजवतो. माझ्या पहिल्या दुर्बिणीचा आय रिलीफ तीन इंचांहून कमी होता आणि ती स्वस्तात मिळाल्याचा मला फार आनंद झाला होता. टेबलावर बंदूक टेकवून नेम बसवताना तिसऱ्याच बाराला मागच्या काचेची कड भुवईत घुसली. त्या जागी अर्धचंद्रासारखी एक पांढरी रेघ अजून आहे, आणि आरशात ती दिसली की वाचवलेले चाळीस डॉलर आठवतात. किमान साडेतीन इंच हवेत, चार असतील तर उत्तम. शिवाय हे अंतर सर्वांत जास्त शक्तीवर किती राहते, तेच विचारावे, कारण अनेक दुर्बिणींत शक्ती वाढवली की ते घटते.

याची परीक्षा दुकानातच घेता येते, मात्र शिकारीला घालायचा जाड कोट अंगावर घेऊन जावे. कोटामुळे दस्ता खांद्यापासून थोडा पुढे सरकतो, डोळा मागे राहतो आणि पातळ सदऱ्यात जुळलेले सारे गणित बिघडते. दुकानदाराची परवानगी घेऊन, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि गाल दस्त्यावर टेकल्यावर मगच डोळे उघडावेत. मान पुढेमागे न करता पूर्ण गोल चित्र दिसले, कडेला काळी कोर आली नाही, तर ती दुर्बीण आपल्यासाठी आहे. मान ताणावी लागत असेल, तर विक्रेत्याने कितीही समजावले तरी ती घेऊ नये.

शक्तीच्या बाबतीत दोन ते सात पट, बत्तीस मिलिमीटरचे पुढचे भिंग, किंवा तीन ते नऊ पट, चाळीस मिलिमीटर, हे दोनच प्रकार पाहावेत. पुढच्या भिंगाच्या व्यासाला शक्तीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. चाळीसला नऊने भागल्यास साडेचार मिलिमीटरही होत नाहीत, तेच चाळीस सहा पटींवर साडेसहाच्या पुढे जातात आणि बत्तीसचे भिंग चार पटींवर आठ देते. अंधुक उजेडात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर ती कमी उघडते. याचा अर्थ असा की झुंजूमुंजू वेळेला लहान भिंगही पुरते, फक्त शक्ती खाली ठेवायला हवी. पन्नास मिलिमीटरच्या भिंगासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला पटत नाही, कारण त्याला दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगा उंच लागतात आणि गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. ओहायोत सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास नेम धरता येतो, आणि हरणे नेमकी याच वेळी बाहेर पडतात. त्यामुळे काचेची परीक्षा दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली करण्यात अर्थ नाही. शक्य असल्यास संध्याकाळी जावे आणि दारातून पार्किंगच्या पलीकडच्या झाडीत पाहावे. व्होर्टेक्सची क्रॉसफायर टू ही तीन ते नऊ पटींची दुर्बीण साधारण दीडशे ते दोनशे डॉलरांत मिळते आणि तिचा आय रिलीफ ३.८ इंच आहे. ल्यूपोल्डची व्हीएक्स फ्रीडम थोडी महाग पडते, पण वजनाने हलकी आहे. याहून स्वस्त घ्यायची असेल, तर आतील हवा काढून नायट्रोजन भरलेला आहे ना आणि हमी कशाकशाची आहे, एवढे तरी वाचूनच घ्यावी.

रेटिकल, म्हणजे दुर्बिणीत दिसणारी नेम धरण्याची फुली, साधे, जाडसर रेघांचे घ्यावे, कारण बारीक रेघा काळोख्या झाडीत हरवतात. वेगवेगळ्या अंतरांसाठी खुणा असलेले रेटिकल घेतल्यास त्या खुणा आपल्या बाराशी जुळतात का, हे स्वतः मारून पाहावे लागते, शिवाय बहुतेक स्वस्त दुर्बिणींत त्या एकाच शक्तीवर खऱ्या ठरतात. पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल निशाणावरून सरकल्यासारखे दिसण्याचा दोष, शंभर यार्डांसाठी दूर केलेला असला तरी चालतो.

दुर्बिणीवर सगळे पैसे संपवून बेस (बंदुकीवर बसणारी, रिंगा पेलणारी पट्टी) आणि रिंगा उरल्यासुरल्या चिल्लरीतून घेणे ही नेहमीची चूक आहे, कारण नेम हलला की दोष काचेला दिला जातो आणि सैल असतो तो स्क्रू. चाळीस-पन्नास डॉलर यासाठी बाजूला काढावेत, बेस आपल्या मॉडेलचाच घ्यावा, त्याच्या स्क्रूंवरचे तेल पुसून मगच ते बसवावेत आणि रिंगा उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळण्याच्या नेमक्या जोरावर, आवळाव्यात. घोडा बाहेर असलेल्या बंदुकीवर दुर्बीण बसली की अंगठ्याला घोडा नीट सापडत नाही. गारठलेल्या, हातमोज्यातल्या अंगठ्याखालून अर्धवट ओढलेला घोडा निसटणे धोक्याचे आहे, म्हणून त्याला बाजूने जोडायचा छोटा दांडा आधीच बसवून घ्यावा. प्रायमरमागून निसटणारा धूर दुर्बिणीच्या पोटावर काळा थर धरतो. हा थर ओल ओढतो आणि धातू खातो, तेव्हा तिथे साधी चिकटपट्टी लावून ती मधूनमधून बदलावी.

नेम बसवण्याचे काम हंगामाच्या किमान तीन आठवडे आधी हाती घ्यावे. बंदूक रिकामी आहे, हे गज आत सोडून त्याच्यावरच्या खुणेने तपासावे आणि त्यानंतरच नळीचे मागचे तोंड बंद करणारा ब्रीच प्लग काढावा. आता नळीतून थेट आरपार दिसते. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून पंचवीस यार्डांवरचा काळा ठिपका नळीच्या मधोमध आणावा आणि बंदूक न हलवता रेटिकल त्याच ठिपक्यावर न्यावे. एवढ्याने पहिला बार कागदावर लागतो आणि अर्धा डबा दारू वाचते. दुर्बिणीची नेम सरकवणारी चकती फिरवताना होणारा एक क्लिक शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकवतो, पंचवीस यार्डांवर मात्र इंचाचा सोळावा भागच. म्हणून पंचवीसवर दोन इंचांची चूक असेल, तर बत्तीस क्लिक फिरवावे लागतात; अनेकजण आठ फिरवून दुर्बीण बिघडल्याची तक्रार घेऊन परत जातात. पंचवीसवर बार नेमका बसला की शंभर यार्डांवर जावे, तीन-तीन बारांचे गट मारावेत, प्रत्येक बारानंतर नळीतून ओलसर आणि मग कोरडी चिंधी फिरवावी आणि नळी थंड होऊ द्यावी. दारूचा प्रकार, तिचे माप किंवा गोळी बदलली, तर हे सगळे पुन्हा करावे. जमलेला बार कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटवला, तर पुढच्या वर्षी शोधाशोध होत नाही.

हंगामाच्या आदल्या रात्री बार भरलेली, पण प्रायमर काढलेली बंदूक उबदार घरात आणू नये, ती थंड गॅरेजमध्ये कुलपात ठेवावी, कारण गारव्यातून उबेत आणि पुन्हा गारव्यात नेलेल्या काचेवर दव धरते आणि नळीतली दारूही ओल खाते. काचांवरची झाकणे आवाज न करता उघडतात का, हे घरीच पाहावे. पहाटे चालत जाताना शक्तीची कडी सर्वांत खालच्या आकड्यावर असावी. हरीण वीस यार्डांवर अचानक उभे राहिले, तर नऊ पटींच्या काचेत नुसती करडी लव दिसते, आणि लांब उभे असले तर कडी फिरवायला तेवढा वेळ बहुधा मिळतो.