लहानपणीच्या घाटावर पुन्हा ब्रश घेऊन बसताना

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना ग्रेड मिळाली, मग दहावी, नोकरी, संसार, आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली, अशा लोकांसाठी लिहितेय. जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, कसा टाकायचा, ३०० जीएसएमचा जाड कागद का घ्यायचा हे तुम्हाला माहितीये, त्यात जात नाही.

माझी जागा म्हणजे नाशिकचा गोदाघाट. मामाचं घर पंचवटीत, त्यामुळे सगळ्या सुट्ट्या रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती याच पट्ट्यात गेल्या. एवढ्या वर्षांनी तिथं बसून पहिली रेघ मारताना हात जड होतो, कधी भरूनही येतं, येऊ दे. पण ओळखीची जागा काढायला सोपी जाईल असं समजून जाऊ नका. उलट तिथंच जास्त फसायला होतं, कारण डोळे समोर असतात आणि हात आठवणीतलं काढत असतो.

हे नीट समजून घ्या, मी यातच कितीतरी महिने अडकले होते. आपल्यासमोर वर चढत जाणाऱ्या पायऱ्या घ्या. आपल्या डोळ्याच्या पातळीच्या खाली ज्या पायऱ्या आहेत त्यांचा वरचा सपाट भाग दिसतो, आणि तो वर जाता जाता बारीक होत जातो. पातळीच्या वर गेलं की सपाट भाग दिसतच नाही, फक्त उभा भाग दिसतो. आता आपण त्या पायऱ्यांवर उड्या मारल्यात, बसून भेळ खाल्लीये, म्हणून हात प्रत्येक पायरीला सपाट पट्टी देत जातो, अगदी वरपर्यंत. मग अख्खा घाट अंगावर घसरल्यासारखा दिसतो. आणि मागचं देऊळ? ते आठवणीत मान वर करून बघितलेलं, म्हणून ते अवाढव्य येतं. म्हणजे एकाच चित्रात दोन उंचीची माणसं बघतायत, एक आत्ताचे आपण आणि एक सात-आठ वर्षांचं पोर. रंग कितीही सुंदर लावा, चित्र बसत नाही, आणि आपल्याला वाटतं आपला हातच गेला. हात गेलेला नसतो!

उपाय साधा आहे. पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरा, ती कुठल्या पायरीला लागते ते बघा आणि ती रेघ कागदावर सगळ्यात आधी मारा. देऊळ, माणसं, पूल, सगळं त्या रेघेवरून ठरवा. लहानपणीचा घाटच हवाय ना, मग खालच्या पायरीवर जाऊन बसा, उंची खरोखर तेवढी होते.

फोटोवरून ट्रेस करू नका. मोबाईलची वाइड लेन्स जवळच्या पायऱ्या फुगवते आणि देऊळ मागे ढकलते, शिवाय ट्रेस करताना डोळा काही शिकतच नाही. वीकेंड वर्कशॉपबद्दल पण माझं मत वाईटच आहे, तिथून सगळे एकसारखं धुकं आणि एकसारखे कावळे काढत बाहेर येतात. त्यापेक्षा शेजारी गप्प बसून "तुझी नजर कुठेय?" एवढंच विचारणारे एखादे जुने ड्रॉइंगचे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची मूळ जलरंगचित्रं कुठे बघायला मिळाली तर समोर भरपूर वेळ उभे राहा.

काळ्या दगडाला ट्यूबमधला काळा लावू नका, अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळा, ओल्या दगडाला निळा थोडा जास्त. सकाळी नऊच्या आत बसा, नंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या आखडतात आणि उन्हाळ्यात तर वॉशची कड लगेच वाळते. पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की खालच्या पायऱ्या बुडालेल्या असतात, तेव्हा हट्टाने पाण्याजवळ जाऊ नका, लांबून देवळांचे कळस काढा. पायऱ्यांचा सराव दिवाळीनंतर सुरू करा, सुरुवातीचे कागद पेन्सिलचेच असू द्या, रंग नंतर.