१ मेला वाडीत शिकागो कसं सांगावं

गुहागरसारख्या गावात १ मेला अमेरिकेतल्या कामगार लढ्यावर बोलायचं असेल, तर वेळ संध्याकाळी साडेसहाची ठेवा. त्याआधी निम्मी वाडी आंब्याच्या बागेत आणि पोरं किनाऱ्यावर क्रिकेटला. चाकरमानी आलेले असतात, त्यांच्यात गिरणीतून निवृत्त झालेले एकदोन आजोबा हमखास सापडतात. त्यांना पुढे बसवा.

शिकागोच्या हेमार्केट चौकात १८८६ मध्ये पडलेल्या बॉम्बपासून सुरुवात करू नका. मग सगळा वेळ तो टाकला कोणी यावरच जातो. मी जेनी कर्टिसपासून सुरू करते. शिकागोजवळच्या पुलमन गावात रेल्वेचे डबे बनायचे, तिथे ती शिवणकाम करायची. वडील १३ वर्षं त्याच कंपनीत. ते वारले तेव्हा घरभाड्याचे ६० डॉलर थकले होते. कंपनीने ते पोरीच्या माथी मारले. घरं कंपनीची, दुकानांचे गाळे कंपनीचे, चर्चची इमारतसुद्धा कंपनीचीच.

इथे थांबून आजोबांना विचारा, "आबा, लालबागला खोलीचं भाडं कोणाला द्यायचात?" ते सांगतील, घरमालक वेगळा, वाणी वेगळा, खानावळवाली मावशी वेगळी. संपात पगार थांबला तरी वाणी उधारीवर तांदूळ द्यायचा. पुलमनमध्ये नेमकी हीच पळवाट नव्हती. एवढं ध्यानात आलं की अर्धं काम झालं.

मग फळ्यावर हिशोब. पगार १०० धरा. १८९३ च्या मंदीनंतर कंपनीने सरासरी पाव हिस्सा कापला, म्हणून ७५ लिहा. भाडं समजा ३० होतं, ते ३०च राहू द्या, कारण कंपनीने ते कमी केलंच नाही. उरले किती, ते मागच्या रांगेतल्या पोराला सांगू दे. भागधारकांचा लाभांश मात्र चालू होता, हे कोपऱ्यात लिहा. आमच्याकडे तिथे हशा पिकतो, फार गोड नसतो तो.

पुढचं भरभर उरका. ११ मे १८९४ ला संप. यूजीन डेब्जच्या रेल्वे कामगार युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला. टपाल अडतं म्हणून अध्यक्ष क्लीव्हलंडनी सैन्य धाडलं.

आता १८८६ घ्या. आठ तासांच्या कामासाठी १ मेला संप, ३ मेला मॅककॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांचा गोळीबार, ४ मेला हेमार्केटचा बॉम्ब. टाकणारा कोण ते कधीच सिद्ध झालं नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघा कामगार चळवळीतल्या पुढाऱ्यांना फाशी झाली. याच दशकात आपले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते आणि १८९० त ती मिळाली, हे सांगायला विसरू नका.

"मग पुलमनला जिंकलं कोण?" हा प्रश्न येणारच. गुळमुळीत बोलू नका. संप मोडला, डेब्जला सहा महिने कैद झाली. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गावातली घरं विकायला लावली, तेही सांगा. एवढ्यात आजोबांचं १९८२ च्या गिरणी संपाचं सुरू होईल. मध्ये पडू नका, चहा टाकायला सांगा.