एकाच घरात दोघांना गेम खेळता येत नव्हता, तेव्हा

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. फायबरचा डबा, म्हणजे पहिला राऊटर, ओसरीत. मातीच्या जाड भिंतींमुळे मागच्या खोलीत रेंज पोचत नाही, म्हणून तिथे दुसरा राऊटर. व्हिडिओ झकास चालायचे, पण मी आणि धाकटा भाऊ एकाच वेळी गेममध्ये शिरलो की एकाला लॉबी (खेळाडू जमतात ती गेममधली खोली) मिळायचीच नाही. नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटला जोडायची राऊटरची पद्धत) 'स्ट्रिक्ट' दाखवायचा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडलेली.

मागच्या राऊटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८.१.५, म्हणजे घरातलाच! नॅट दोनदा होत होता. यूपीएनपी (गेमसाठी आपोआप वाट उघडणारी सोय) मागच्या राऊटरवर पोर्ट, म्हणजे ती वाट, उघडायचं, ओसरीतल्याला त्याची खबरच नसायची. खरी गोम इथेच होती.

मागच्याचा आयपी १९२.१६८.१.२ केला (ओसरीतला राऊटर डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, जे पत्ते वाटतो त्यांच्याबाहेरचा), त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावली. आता तो नुसता वायफाय देतो. ओसरीतल्यावर यूपीएनपी चालू करून सगळं रीस्टार्ट केलं.

"दादा, आली लॉबी!" भाऊ आतून ओरडला. फार बरं वाटलं.

एवढं करूनही अडलं तर ओसरीतल्या, म्हणजे पुढच्या, राऊटरचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर नॅट इंटरनेट कंपनीकडेच होतोय. तिथे घरातल्या राऊटरवर पोर्ट उघडून (पोर्ट फॉरवर्डिंग) उपयोग नाही, कंपनीकडे पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) मागावा लागतो.