क्रीम, शाम्पूचं लेबल वाचताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त पुढची बाजू वाचून बाटली उचलणे. 'केमिकल फ्री', 'हायपोअॅलर्जेनिक' (म्हणजे अॅलर्जीची शक्यता कमी), 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' ही जाहिरातीची भाषा आहे, टेस्टेड म्हणजे टेस्ट केली एवढंच, रिझल्ट काय आला ते त्यात कुठे लिहिलेलं नसतं, आणि केमिकल तर पाणीपण आहे. खरी माहिती मागच्या बारीक अक्षरात असते.

तिथली घटकांची यादी वजनाप्रमाणे असते, जे सगळ्यात जास्त ते आधी, म्हणून बऱ्याच वेळा पहिलं नाव 'अॅक्वा' म्हणजे पाणी असतं. पण हा क्रम १ टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो, त्याखालचे घटक कंपनी कसेही पुढेमागे लिहू शकते. एक सोपी खूण सांगते, फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे प्रॉडक्ट खराब होऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य, शोधा, युरोपच्या नियमात ते १ टक्क्याच्या वर चालत नाही, त्यामुळे त्याच्यानंतर आलेलं सगळं साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी समजा. पुढे मोठा कोरफडीचा फोटो आणि कोरफडीचं नाव या खुणेच्या पार खाली, असं दिसलं तर पैसे फोटोचे घेतायत. मात्र हाच नियम सुरकुत्यांवरच्या रेटिनॉलला लावू नका हं, ते १ टक्क्याच्या आतच काम करतं, शेवटी दिसलं म्हणून प्रॉडक्ट बाद होत नाही.

अल्कोहोल शब्द दिसला की घाबरणारेही खूप आहेत. सिटाइल किंवा सिटेराइल अल्कोहोल मेणासारखं असतं, त्याने त्वचा मऊ राहते. कोरड्या त्वचेला त्रास देतं ते 'अल्कोहोल डिनॅट', आणि तेसुद्धा यादीत वरती असेल तर जास्त.

वासाचं काय? 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स फ्री' एकच समजू नका, अनसेंटेडमधे मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. 'परफ्यूम' या एका शब्दामागे कितीतरी घटक लपतात. आणि नॅचरल म्हणून निर्धास्त राहू नका, लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल, लिंबाच्या तेलातलं लिमोनीन हवा लागून बदलतं आणि त्याचीच काहींना अॅलर्जी येते.

हेअर डायमधे ही गल्लत फार महागात पडते. 'अमोनिया फ्री' वाचून लोक बिनधास्त लावतात, पण डायची अॅलर्जी बऱ्याचदा पी-फेनिलीनडायअमिन या रंगाच्या घटकामुळे येते, आणि अमोनिया काढला तरी ते आत असू शकतं.

पॅराबेन (हाही प्रिझर्व्हेटिव्हचाच एक प्रकार) नको म्हणून प्रिझर्व्हेटिव्हच नसलेलं, पाणी असलेलं क्रीम शोधू नका, त्यात जंतू आणि बुरशी वाढते. उलट मिथाइलआयसोथायझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हच्या नावावर लक्ष ठेवा, त्याच्या अॅलर्जी इतक्या वाढल्या की युरोपियन युनियनने २०१७ पासून न धुता लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमधे ते बंद केलं. उघड्या डबीच्या चित्रात '१२ एम' असेल तर उघडल्यापासून १२ महिने, तेव्हा तारीख पेनाने डबीवरच लिहा.

आता खाज किंवा पुरळ आलंच तर? एकदम चार नवीन गोष्टी सुरू केल्या असतील तर दोषी कोण ते कळणारच नाही, म्हणून आधी सगळं नवीन बंद करा आणि खोकं फेकून देऊ नका, मागच्या यादीचा फोटो ठेवा. मग ज्यांनी त्रास झाला त्या प्रॉडक्टच्या याद्या शेजारी ठेवून सारखी नावं काढा, त्यातली जी नावं तुम्हाला सोसणाऱ्या क्रीममधेही आहेत त्यांच्यावरचा संशय कमी होतो, उरलेली दोन-चार नावं घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल (संशयित घटक त्वचेवर लावून अॅलर्जी बघायची तपासणी) विचारा. नवीन क्रीम चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून बघा, एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे चालतं असं नाही, कारण अॅलर्जी उशिरापण उठते. ओठ-डोळे सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र याद्या बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.