नर्सिंगच्या परीक्षेसाठी रुग्णसेवा आणि संवादाच्या प्रश्नांचा सराव कसा करावा

नाशिकमध्ये जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिसेवेची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करणारे अनेक विद्यार्थी औषधांच्या मात्रा आणि शरीररचना नेटाने पाठ करतात, मात्र संवादावरचे प्रश्न ‘त्यात काय वाचायचे’ म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. गुण नेमके तिथेच जातात, कारण या प्रश्नांचे चारही पर्याय वरवर चांगलेच वाटतात. शिवाय आपल्या घरांत आजारी माणसाला ‘काही होत नाही, सगळे ठीक होईल’ असे म्हणून धीर द्यायची रीत आहे. परीक्षेत हेच वाक्य खोटा दिलासा ठरते, आणि आपला हात सवयीने त्याच पर्यायाकडे जातो.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटणारा उपाय असा की, प्रत्येक पर्याय मराठीत, समोर रुग्ण बसला आहे असे समजून, मोठ्याने म्हणून पाहावा आणि त्यावर रुग्ण पुढे काय बोलेल याचा विचार करावा. समजा, सुरगाण्याहून आलेली एक बाई शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी म्हणते, “उद्या मी उठलेच नाही तर माझ्या पोरांचं काय?” पर्याय असे आहेत: “काळजी करू नका, डॉक्टर फार अनुभवी आहेत”, “असं का वाटतं तुम्हाला?”, “मी डॉक्टरांना बोलावते”, आणि “उद्याची भीती वाटतेय आणि मुलांची चिंता लागलीय ना? मला सांगा बरं, काय काय मनात येतंय.” पहिल्या वाक्यावर ती ‘बरं’ म्हणून गप्प बसेल. दुसऱ्यात तिला आपल्या भीतीचे कारण द्यावे लागते, म्हणून ‘का’ने सुरू होणारा पर्याय बहुधा चुकीचा असतो. तिसऱ्यात परिचारिका स्वतःचे काम दुसऱ्यावर सोपवते. चौथ्या वाक्यानेच ती पुढे बोलेल, म्हणून उत्तर तेच. मात्र तीच बाई “माझं नेमकं काय कापणार आहेत, मला कुणी सांगितलंच नाही” असे म्हणाली, तर डॉक्टरांना कळवणे हेच योग्य उत्तर होते, कारण शस्त्रक्रिया आणि तिचे धोके समजावून संमती घेणे ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी आहे. प्रश्नातले एक वाक्य बदलले की उत्तर बदलते, आणि सरावात हाच फरक शोधायचा असतो.

म्हणून दिवसाला शंभर प्रश्न उरकण्यापेक्षा वीसच सोडवावेत, पण प्रत्येकाचे उरलेले तीन पर्याय का चुकले हे वहीत एकेका ओळीत लिहावे. ‘खोटा दिलासा’, ‘विषय बदलला’, ‘सल्ला दिला’, ‘जबाबदारी ढकलली’, ‘आधी तपासले नाही’ अशी नावे दिली की दोन आठवड्यांत स्वतःच्या चुकांचा कल दिसू लागतो. बरोबर आलेल्या उत्तराचेही कारण लिहावे, कारण अंदाजाने आलेले उत्तर पुढच्या वेळी साथ देत नाही.

‘सर्वप्रथम काय कराल?’ या प्रश्नांना दुसरी शिस्त लागते. श्वसनमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण आधी, मनाची घालमेल नंतर, हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. गोंधळ होतो तो ‘आधी निरीक्षण, मग कृती’ या नियमामुळे. निरीक्षण प्रश्नातच दिलेले असेल, तर पुन्हा निरीक्षण करण्याचा पर्याय निवडू नये. रक्त चढवायला सुरुवात केल्यानंतर दहाव्या मिनिटाला रुग्णाला थंडी वाजून ताप आला आणि कंबर दुखू लागली, तर रक्त न मानवल्याचा धोका पुरेसा स्पष्ट आहे. आधी रक्त बंद करायचे, मग नळीचा नवीन सेट लावून नॉर्मल सलाइनने शीर चालू ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचे. डॉक्टरांना फोन करण्याचा पर्याय खोटा नाही, पण तो पहिला नाही.

ओळख पटवण्याचे प्रश्न सोपे वाटतात आणि तिथेच घाई होते. वॉर्डात “तुम्ही सीताबाई ना?” असे विचारले की दमलेली, नीट ऐकू न येणारी आजी कोणत्याही नावाला मान डोलावते, म्हणून “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारायचे आणि केसपेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी ताडून पाहायचे. खाटेचा क्रमांक ही ओळख धरली जात नाही.

भाषेचे प्रश्न आपल्या जिल्ह्यात रोजचेच आहेत. मालेगाव-सटाण्याकडून येणारा रुग्ण अहिराणीत बोलतो, पेठ-सुरगाण्याकडचा कोकणा बोलीत, आणि सोबतचा मुलगा सगळी उत्तरे देऊन टाकतो. परीक्षेत प्रशिक्षित दुभाष्याचा पर्याय असेल तर तोच घ्यावा, कारण नातेवाईक गोष्टी गाळतो आणि रुग्णाची गोपनीयताही राहत नाही. दुभाषी असला तरी पाहायचे आणि बोलायचे ते रुग्णाशीच.

मानसिक आरोग्याच्या प्रश्नांत दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. भास होणाऱ्या रुग्णाशी वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. “तुम्हाला आवाज ऐकू येतात हे मला समजतं, मला मात्र ते येत नाहीत” हे वाक्य दोन्ही टाळते. आत्महत्येचा संशय आल्यास थेट विचारावे, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

आठवड्यातून एकदा मैत्रिणीबरोबर जोडीने बसावे. एकीने रुग्ण व्हावे, दुसरीने परिचारिका. फोनवर डॉक्टरांना माहिती देण्याचा सरावही असाच करावा: सध्याची परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले निरीक्षण आणि आपली मागणी या क्रमाने बोलावे आणि मिळालेला आदेश लिहून परत वाचून दाखवावा.

शेवटच्या पंधरवड्यात घड्याळ लावून मिश्र प्रश्नसंच सोडवावेत. नॉरसेटसारख्या (एम्सच्या परिचारिका भरतीची परीक्षा) परीक्षेत चुकीच्या उत्तरामागे एक-तृतीयांश गुण कापला जातो, म्हणून दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तरच उत्तर द्यावे, नाहीतर प्रश्न सोडून पुढे जावे.