रोप लावण्याआधी मोबाइल जमिनीवर ठेवा

दाट झाडीखाली लावलेलं रोप मरत नाही, पण वाढतही नाही. दोन-तीन वर्षांनी पाहावं तर उंची जवळपास तेवढीच, खोड पेन्सिलीएवढं. आपण खताला दोष देतो; बहुतेक वेळा कमी पडतो तो उजेड.

१. रोपाच्या जागी मोबाइल उताणा ठेवा आणि टायमर लावून सेल्फी कॅमेऱ्याने आभाळाचा फोटो काढा. पाच-सहा जागांचे फोटो शेजारी-शेजारी पाहिले की कुठे आभाळ आहे आणि कुठे नुसती पानं, ते लगेच दिसतं. नुसतं मान वर करून पाहिलं तर डोळा फसतो.

२. झाडीतली आभाळ दिसणारी मोकळी जागा, म्हणजे फट, भोवतालच्या झाडांच्या उंचीएवढी रुंद असेल, तर ऊन मागणारी रोपं मधोमध आणि सावली सोसणारी कडेला लावा. फट अरुंद असेल तर पहिल्या प्रकाराचा नादच सोडा.

३. विषुववृत्तापासून दूर, उत्तर गोलार्धात फटीच्या उत्तरेकडच्या बाजूला जास्त ऊन पोचतं. दक्षिण गोलार्धात नेमकं उलट.

४. उजेड येतो तिथे तण आणि वेली रोपाच्या आधी धावतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं रोपाभोवती हातभर जागा साफ ठेवा. वेल शेंड्यापर्यंत पोचली की रोप वाकतं.

पानगळीत काढलेल्या फोटोवर मात्र विसंबू नका. तेव्हा सगळीकडेच आभाळ दिसतं. झाडं पानांनी भरलेली असताना पुन्हा फोटो काढा.