जुन्या गेमचा पोर्ट अस्सल आहे का, हे कसं बघायचं

री-रिलीज, म्हणजे जुन्या गेमचा नव्या मशीनवर चालणारा पोर्ट, घेताना ट्रेलरवर भुलू नका, आधी स्क्रीनचा आकार बघा. १९९३चा डूम हा राक्षस मारायचा शूटिंग गेम ३२० बाय २०० पिक्सेलचा, पण ४:३ मॉनिटरवर चित्र उभं ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा थोडा उंच, त्यामुळे पोर्टवाल्यांनी चौकोनी पिक्सेल ठेवले की सगळे राक्षस बसके आणि जाडे दिसतात. सेटिंगमध्ये ४:३चा ऑप्शन असेल तर तोच लावा, १६:९वर ताणून खेळणाऱ्यांना माझा नमस्कार.

मग स्पीड. युरोपातले बहुतेक जुने टीव्ही ५० हर्ट्झचे, अमेरिका-जपानचे ६०चे, आणि बरेच गेम ५०साठी नीट बदललेच नाहीत, म्हणून ते साधारण १७ टक्के हळू चालायचे, कधीकधी म्युझिकसुद्धा रेंगाळायचं. चॉइस असेल तर अशा गेमचं ६०वालं व्हर्जन घ्या. टीव्ही गेम मोडवर टाका आणि उडी मारून बघा, बटण दाबल्यावर हिरो विचार करत उभा राहिला तर लॅग आहे.

गाणी पण चेक करा, लायसन्स संपलं की री-रिलीजमधून गपचूप काढतात.

डूमचा सोर्स कोड (प्रोग्रामची मूळ लिखित आज्ञावली) १९९७मध्ये खुला झाला म्हणून त्याचे ढिगाने पोर्ट आहेत, त्यातला चॉकलेट डूम तर जुने बगसुद्धा मुद्दाम जपतो (मला हेच आवडतं). पण त्याला गेमची वॅड फाईल (लेव्हल, चित्रं, आवाज असलेली) लागतेच, तेव्हा जुनी सीडी फेकू नका, तिची इमेज (अख्ख्या सीडीची एका फाईलमधली हुबेहूब कॉपी) काढून दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.